तांड्यावरचं गोरोचन

हिंगोलीच्या स्टेशनात गाडी शिरली तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात बैलाच्या पित्ताच्या भुकटीची बाटली होती आणि मनात एकच धास्ती होती: उशीर तर झाला नाही ना?

मी पुण्यात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. बैलाच्या पित्तातून टॉरीन नावाचा पांढरा पदार्थ वेगळा काढायचा, हा माझा उद्योग. त्यापायी प्रयोगशाळेत असा काही वास सुटतो की शिपाई दारातूनच नमस्कार करतो. मित्र मला बैलोबा म्हणतात. म्हणोत बापडे! पण धाकटी बहीण सुमन हिचा निरोप आला, की दोन महिन्यांचं बाळ पिवळं पडलंय आणि त्याची शी चुन्यासारखी पांढरी होतेय, तेव्हा मी मिळेल त्या गाडीनं निघालो. असं का होतं हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं.

स्टेशनाबाहेर मेहुणे विठ्ठलराव बैलगाडी जुंपून उभे होते. "कसं आहे बाळ?" मी विचारलं. "हाय," एवढंच म्हणाले. निजामाच्या राज्यात मी पहिल्यांदाच येत होतो. एरवी रस्ताभर हे काय, ते काय, असं विचारून त्यांना भंडावलं असतं. कयाधू नदी ओलांडताना गाडीचं चाक चिखलात रुतलं. दोघांनी खाली उतरून खांदा लावला. धोतर मांडीपर्यंत भिजलं. पलीकडे काळ्या रानात जोंधळा डोलत होता आणि बांधावर माणसं हुरडा भाजत होती.

"या पाव्हणं, हुरडा खाऊन जा!" एका म्हाताऱ्यानं हाक दिली.

"लेकराला बरं न्हाई," विठ्ठलराव म्हणाले.

म्हातारा धावत आला. गरम हुरडा फडक्यात बांधून त्यानं माझ्या मांडीवर ठेवला. घरी पोचेपर्यंत ते फडकं मी सोडलं नाही.

पुसेगावात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बाळ सुमनच्या मांडीवर होतं. डोळ्यांचे पांढरे भाग हळदीत बुडवल्यासारखे, पोट फुगलेलं, हातपाय काडीएवढे. सुमनची चोळी ओली होती आणि अंगात ताप होता.

"दूध बाधलं तिचं," तिच्या सासूबाई म्हणाल्या. "वैद्यानं सांगितलं. तवाच दूध तोडलं आमी. आता गाईचं दूध पाणी घालून देऊन राहिलो."

आणि सुमन? ती रोज परसात जाऊन दूध पिळून राखेवर टाकत होती. माझं डोकंच फिरलं. "आईच्या दुधात काही खोट नाही हो!" मी म्हणालो. "आपलं यकृत पित्त तयार करतं. त्या पित्तातल्या आम्लाला टॉरीनची जोड मिळते, तेव्हा ते साबणासारखं काम करतं. साबणानं तेलकट भांडं निघतं ना, तशी दुधातली चरबी त्यानं सुटते आणि अंगी लागते. बाळाचं पित्त तयार होतंय, पण आतड्यात उतरायची वाट बंद आहे. म्हणून ते रक्तात चढतंय, आणि पित्ताचा पिवळा रंग न मिळाल्यानं शी पांढरी होतेय. यात सुमनचा काय दोष?"

"पाव्हणं, तुमी शिकलेले," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण लेकरू पीत व्हतं कुणाचं?"



मी बाटली काढली. वाट अगदीच बुजलेली नसेल तर या भुकटीचा थोडा आधार मिळेल, अशी वेडी आशा होती. बैलाचं पित्त म्हटल्यावर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "कापलेल्या जनावराचं? माझ्या घरात न्हाई."

"अहो, तुम्ही गोरोचन देताच की. तेही बैलाच्या पित्तातच खडा होऊन सापडतं."

"ते देवाच्या पूजेला चालतं."

सुमननं हात पुढे केला. "दे, दादा." मधात कालवून तिनं बाळाच्या जिभेवर बोट ठेवलं. सासूबाई तोंड फिरवून बाहेर गेल्या, पण अडवलं मात्र नाही. पुढचे दोन-तीन दिवस मी सकाळी उठून बाळाचं दुपटं उलगडून बघत होतो. पिवळा डाग कधी दिसला नाही.

मग सासूबाईंच्या आग्रहानं गोरोचनासाठी सगळे जवळच्या तांड्यावर (बंजाऱ्यांच्या वस्तीवर) निघालो. तिथला नायक (तांड्याचा प्रमुख) एका म्हाताऱ्या बैलाची मान खाजवत बसला होता. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचा. आता नायक चार एकर रान करत होता, पण बैलावरची माया तीच होती.

"याच्या बापाच्या पोटातलं हाय," असं म्हणत त्यानं चिंधीतून सुपारीएवढा पिवळट खडा काढला. "मेल्यावर पुरायच्या आधी काढला. आमी इकत न्हाई, साहेब. लेकरासाठी घेऊन जा. आईच्या दुधात उगाळायचं बराबर."

"आईचंच तर बाधलंय," सासूबाई म्हणाल्या.

नायकाची सून कडेवर आपलं बाळ घेऊन उभी होती. तिनं एकदा सुमनकडे पाहिलं. मग खाली बसून सहाणेवर आपल्या दुधाची धार सोडली. सासूबाईंनी खडा उगाळला आणि बाळाला चाटवला. सुमन ती सहाण बघत होती. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "तिचं चाललं रे, दादा."

"सुमे, तुझं दूध चांगलं आहे. माझ्यावर विश्वास ठेव."

"तू भाऊ आहेस. तू असंच म्हणणार."

त्याच आठवड्यात एका सकाळी बाळ गेलं. अंगणात कोवळ्या उन्हात सुमन त्याला घेऊन बसली होती, आणि बराच वेळ तिनं कुणाला सांगितलंच नाही. सासूबाईंनी जमिनीवर डोकं आपटून घेतलं. त्यांचाही जीव होता त्याच्यात, त्यांच्यावर रागावून तरी काय करू? विठ्ठलरावांनी मळ्यातल्या लिंबाखाली खड्डा खणला. मी माती लोटली.

सुमनला माहेरी घेऊन निघालो. गाडी बदलायला पूर्णा जंक्शनवर उतरलो. फलाटावर लोखंडी बाकावर बसून मी विचार करत होतो, की टॉरीनचा रेणू मला फळ्यावर डोळे मिटून काढता येतो. पण त्यानं एक बाळ वाचलं नाही आणि एका आईची समजूतही पटली नाही. काय चाटायचंय असलं ज्ञान!

शेजारी एक बाई तापानं फणफणली होती. तिचं तान्हं ओरडून ओरडून निळं पडलं होतं. "दूधच न्हाई येत, माय," ती रडकुंडीला येऊन सुमनला म्हणाली. सुमननं पदर छातीशी घट्ट दाबला. तरी तो भिजत गेला.

"दादा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला काही होणार नाही ना?"

"काही होणार नाही."

"बाळाची शपथ?"

"बाळाची शपथ, सुमे."

तिनं हात पुढे केले. ते तान्हं असं काही लुचायला लागलं की गुदमरेल असं वाटलं. सुमनचे डोळे गळत होते, पण तिनं त्याला सोडलं नाही. त्या बाईला जरा हायसं वाटलं. ती भिंतीला टेकली.

"उपकार झाले, बाई. तुमचं लेकरू कुठाय?"

मूल गेलेल्या बाईचं दूध आपल्या लेकराला कुणी पाजू देत नाही. हे मला ठाऊक होतं आणि सुमनलाही. ती त्या तान्ह्याच्या टाळूवरून हात फिरवत राहिली.

"झोपलंय," ती म्हणाली.