बत्तीवाल्या बन्सीचे पांढरे वेल

पुणतांब्याच्या अलीकडच्या आमच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे बन्सी. तारुण्यात तो दूर दक्षिणेला एका बेटावर दीपगृहात खलाशी होता, म्हणून बत्तीवाला बन्सी. नोकरी सोडून आला तो पत्र्याची एक ट्रंक आणि एक गोष्ट घेऊन. ती गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली की ती सुरू झाली की पारावरची कुत्रीसुद्धा उठून जायची.

गोष्ट अशी. बेटाभोवती पाण्यात पोवळ्याचे खडक होते. दिसायला दगड, पण जिवंत. तपकिरी, हिरवट, जांभळट रंगाचे. एका उन्हाळ्यात वारा पडला. लाट नाही, ढग नाही. पाणी अंघोळीला काढल्यासारखं कोमट झालं आणि इतकं नितळ की ऊन थेट तळाला जायचं. बघता बघता सगळे खडक पांढरेफटक पडले. फक्त धक्क्याच्या फळ्यांखाली, सावलीतला पट्टा होता तसाच राहिला.

"पानी तेच, गरमी तीच. मग तेवडाच कसा ऱ्हायला, सांगा बरं," बन्सी विचारायचा. उत्तर त्यालाही ठाऊक नव्हतं. दीपगृहाला चुना लावायचा होता आणि पोवळं भाजलं की चुना होतो, म्हणून मेलेले समजून त्याने ते पांढरे खडक पहारीने फोडायला घेतले. एका म्हाताऱ्या कोळ्याने त्याचा हात धरला आणि खुणेने सांगितलं, अजून जीव आहे, थांब. "म्या कशाला थांबतोय," असं म्हणून बन्सी हसायचा, आणि आम्हीही हसायचो. न फोडलेल्या खडकांना पुढच्या वर्षी रंग आला होता, हे तो अगदी शेवटी, उठता उठता सांगायचा.

त्यातली मेख मला फार उशिरा कळली, कॉलेजात जायला लागलेल्या पुतणीने समजावल्यावर. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि पोवळ्याला जेऊ घालतं; रंगही त्याचाच. पाणी तापलं की त्याचं काम बिघडतं, आणि तशात वरून कडक ऊन पडत राहिलं की तोच उजेड विष होतो. मग पोवळं त्या भाडेकरूला बाहेर काढतं. आतला पांढरा सांगाडा दिसतो, पण वरची कातडी जिवंत असते. उपाशी, तरी जिवंत. गारवा लवकर आला तर शेवाळ परत येतं. हे बन्सीला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं, असं मी म्हणालो असतो. पण सांगणारा म्हातारा तर त्याला भेटलाच होता.

बन्सी बेटावर असताना इकडे त्याच्या बायकोने, रतनबाईने, पानमळा उभा केला. शेवरी आणि हादग्याच्या झाडांच्या दाट सावलीत नागवेली चढवलेल्या. एकेक वेल तिने लव्हाळ्याने स्वतः बांधलेला. आमच्याकडे पानमळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. देवळात शिरावं तसं शिरायचं. रतनबाईला मूलबाळ नव्हतं. मळ्यात तिला वेलींशी बोलताना मी कितीदा ऐकलं आहे.

बहात्तरला पाऊस दगा देऊन गेला आणि पुढचा उन्हाळा आला. विहिरीत पाणी होतं, पण थोडं. वैरण मात्र कुठेच नव्हती. बन्सीने बैलांसाठी हादगा-शेवरीचा सगळा पाला उतरवला. वेलाला पाणी मिळतंय, मग सावली नसली म्हणून काय बिघडतं, असा त्याचा हिशेब. शेजारच्या बांधाला माझाही मळा होता. मीही कोयता घेतला, पण मी जन्माचा आळशी. अर्धा मळा छाटून झाला आणि बाजेवर जाऊन पडलो.

आठवडाभरात छाटलेल्या भागातली पानं पिवळी पडली, मग कागदासारखी पांढरी. न छाटलेल्या माझ्या अर्ध्यात पानं हिरवीच होती. झळा त्याच, पाणी तेच. मी रोज बघत होतो आणि मला धक्क्याच्या फळ्या आठवल्या नाहीत. बन्सीलाही आठवल्या नाहीत. याचं मला आजही वाईट वाटतं.

रतनबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. एके दिवशी ती गेल्यावर बन्सी मळ्यात शिरला, वहाणा घालूनच. मेलेल्याला पाणी कशाला, त्यापेक्षा बैलांना कडवळ पेरू, असं म्हणून त्याने वेल मुळासकट उपटले आणि उन्हात ढीग घातला.

संध्याकाळी रतनबाई आली. मळ्याच्या तोंडाशी तिने सवयीने चपला काढल्या, मग समोर पाहिलं. ढिगातला एक वेल उचलून तिने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं.

"आवो, जिता हुता की ह्यो," ती म्हणाली. "तुमीच सांगता ना, पांडरं पडलं तरी जीव आसतो म्हनून?"

बन्सी खाली बसला. दोघांनी वेल ओल्या पोत्यात गुंडाळले, पुन्हा लावून पाहिले, पण मुळं दिवसभर उन्हात तापलेली. एकही लागला नाही.

पावसाळ्यात माझे पांढरे वेल बुडातून फुटले. मी केलं काहीच नव्हतं. उपटायचा कंटाळा, एवढंच. लाजत लाजत मी रतनबाईला नव्याने लावायला त्यांचं बेणं देऊ केलं.

"ऱ्हाऊ द्या, भावजी," ती म्हणाली. "माजे येल मला वळखत हुते."

बन्सीने समुद्राची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. कुणी आग्रह केला तर सुरुवात करायचा, म्हाताऱ्याने हात धरला इथवर यायचा आणि उठून जायचा. पानमळ्याच्या जागी पुढे कडवळच होत राहिलं. वैरण कापायला रतनबाई आली की बांधावर चपला काढायची आणि अनवाणी आत जायची. तिच्या मागे विळा घेऊन येणारा बन्सी आपल्या वहाणा तिच्या चपलांशेजारी ठेवायचा.