शंभरपैकी शंभर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि बहिणीला तर नाहीच, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची-माझी ओळख नाही. खारबावच्या माझ्या खोलीत मी एकटीच असते. ड्युटीवरून आले की एकटीपुरता भात लावते आणि शिट्टीची वाट बघत बसते. तेवढ्यात ते घशाशी येतं. रोज येतं, आणि रोज मी गिळते.

वळ गावाच्या बाजूला एका मोठ्या गोदामात मी शिफ्टची सुपरवायझर आहे. लोक मोबाइलवरून मागवतात तो माल आमच्याकडून जातो. उंच लोखंडी रॅक, त्यात खोकीच खोकी, आणि मधून फिरणाऱ्या फोर्कलिफ्ट. मी लागले तेव्हा बाईने सांगायचं आणि पुरुषांनी ऐकायचं हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. मी सांगितलेलं नेमकं राहून जायचं. नामदेवदादा फोर्कलिफ्ट चालवायचे. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे, वळचेच. एक दिवस त्यांनी सगळ्यांसमोर गाडी थांबवली आणि मला विचारलं, मॅडम, आधी कुठली लाइन घेऊ? बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून बाकीचेही विचारायला लागले.

हे आधी सांगितलं, कारण मी जे केलं ते कुणाशी केलं हे तुम्हाला कळायला हवं.

आमच्याकडे दरवर्षी प्रत्येकाला मोबाइलवर आचारसंहितेचा कोर्स करावा लागतो. दादा पहिल्यांदा ते ऐकून म्हणाले होते, निवडणूक लागली का काय मॅडम? सगळे हसलो. पण कोर्स होता इंग्रजीत, वीस प्रश्नांचा, आणि दादा चौथी शिकलेले. वरून रोज विचारणा — किती जणांचं झालं? मग मी अक्कल चालवली. जेवणाच्या सुट्टीत माणसं रांगेत उभी केली. आलेला ओटीपी सांगा आणि जेवायला जा, पुढचं मी बघते. अख्ख्या शिफ्टची परीक्षा मी दोन दुपारी देऊन टाकली. प्रामाणिकपणाची परीक्षा, बरं का! लाज वाटली म्हणता? छे. मला मी फार हुशार वाटले. दादांना शंभरपैकी शंभर पडले. ते सर्टिफिकेट त्यांनी घरी जाऊन वहिनींना दाखवलं.

पुढे दिवाळीचा सेल आला. भर दुपारी दादा माझ्या टेबलापाशी आले, टोपी हातात.

"मॅडम, गाडी लागली माझी खांबाला. वाकलाय. माल उतरवाया पायजे."

मी जाऊन पाहिलं. रॅकचा खांब खरंच वाकला होता. अशा वेळी काय करायचं हे मला पाठ होतं — तो कप्पा रिकामा करायचा, लाल पाटी लावायची, रजिस्टरमध्ये लिहायचं. पण लाइन बंद झाली असती, तीही सेलमध्ये, माझ्या शिफ्टला. मी म्हटलं, चार दिवस थांबा दादा, सेल होऊ दे, मग बघू. रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. मी जरा खेकसलेच.

तिसऱ्या दिवशी तो कप्पा खाली आला. पॅकिंगमधल्या एका बाईच्या पायावर खोकी पडली, हाड मोडलं. ती बरी झाली, पण तेव्हा तिचं ओरडणं मी ऐकलंय.

चौकशीला वरून दोन साहेब आले. दादांनी खरं ते सांगितलं होतं — धडक माझी, पण मी लगेच मॅडमना बोललो. मग मला आत बोलावलं. त्यांनी विचारलं, हे खरं आहे का?

तुम्हाला वाटत असेल मी घाबरले, गोंधळले, तोंडून निघून गेलं. तसं काही नाही. मी पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला, आणि म्हटलं, "नाही."

मग त्यांनी दादांचं सर्टिफिकेट उघडलं. चौदावा प्रश्न — तुमच्या हातून नुकसान झालं तर काय कराल? उत्तर — लगेच वरिष्ठांना कळवेन. म्हणजे माणसाला नियम माहीत होता आणि तरी त्याने लपवलं, असं साहेब म्हणाले. ते बटण मी दाबलं होतं. आणि दादांनी तो कोर्स न वाचताच, नेमकं तेच केलं होतं. मी समोर बसून मान हलवत होते.

दादांना कामावरून काढलं. गेटवर डबा आणि पाण्याची बाटली घेऊन उभे होते. म्हणाले, "मॅडम, तुमी सांगितलात ना त्यांना, मी बोललो व्हतो म्हणून?"

मी म्हटलं, "हो. ऐकलंच नाही त्यांनी."

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. आत मी खोटं बोलले ती नोकरी वाचवायला. पण गेटवर? तिथे काय वाचवायचं होतं?

हल्ली दादा धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा चालवतात. मी दिसले की पुढची सीट रिकामी करतात आणि पैसे घेत नाहीत. म्हणून मी नाक्यावर उतरतच नाही, अलीकडे उतरून चालत जाते.

यंदा त्यांच्या मुलीचा साखरपुडा झाला. मला आमंत्रण देऊन गेले, मी गेले. सोयऱ्यांच्या कानावर काहीतरी आलं होतं — गोदामातून काढलेला माणूस, चूक लपवली म्हणे. मुलाच्या काकांनी सगळ्यांदेखत विषय काढलाच. दादांचा चेहरा उतरला. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या मॅडमना इचारा. माझ्यासाठी बोलनारं हे एकच मानूस व्हतं तिथं."

सगळ्यांच्या माना वळल्या. खरं सांगून टाकलं असतं तर — तिथे मला अडवणारं कोण होतं? ना साहेब, ना सेल.

"यांनी लगेच सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी स्वतः सांगितलं साहेबांना. ऐकलं नाही त्यांनी."

काका म्हणाले, मग झालं तर. दादांनी खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले. वहिनींनी मला व्याह्यांच्या पंगतीत बसवलं, आग्रह करकरून वाढलं.

मी पोटभर जेवले.