जाळीपलीकडचा सोमाजी

निमगाव साव्यातल्या भिमाजीला साखर निघाली आणि डॉक्टरांनी त्याला रोज घाम गाळायला सांगितला. शेतकऱ्याला घाम गाळायला सांगायचं म्हणजे कमालच; पण भिमाजीचं शेत बरीच वर्षं वाटेकरी करत होता, त्यामुळे घामही वाटेकऱ्याचाच गळत होता. लेक अक्षदा चाकणला कंपनीत. तिनं दिवाळीला बॅडमिंटनचा अख्खा संच आणला. "आप्पा, अंगणातच खेळा," म्हणाली आणि गेली. कुणाबरोबर, ते काही सांगितलं नाही.

अंगण ऐसपैस, पण भिमाजीचं त्यात अर्धंच. उरलेलं धाकट्या सोमाजीचं. वाटणीच्या वेळी मधोमध दगडांची ओळ लागली. त्यातला एक दगड रातोरात वीतभर सरकला, असं सोमाजीचं म्हणणं. दगड लावला तिथंच आहे, असं भिमाजीचं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. जो आधी तोंड उघडेल तो हरला, हे दोघांनी न बोलताच ठरवलेलं.

भिमाजीनं मोबाइलवर मापं बघितली. टोमॅटोचे बांबू रोवून जाळी बांधली ती नेमकी दगडांच्या ओळीवर, आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या त्या फक्त आपल्या बाजूला. बायको वैजयंती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"अहो, पलीकडून कोन मारनार?"

"तू हुबी ऱ्हा की."

"भावजींच्या अंगणात? म्या? उज्ज्वला काय म्हनंल?"

उज्ज्वला म्हणजे सोमाजीची बायको. या दोघी जावा रोज एकमेकींकडे कालवणाची वाटी पोचवायच्या, पण मागच्या दारानं. पुढच्या अंगणात मात्र नवऱ्यांचं वैर इमानेइतबारे सांभाळायच्या.

शेवटी भिमाजीनं एकट्यानंच सर्व्हिस केली. शटल जाळीवरून गेलं आणि सोमाजीच्या ओट्याशी पडलं. सोमाजीनं ते उचललं, उलटंसुलटं न्याहाळलं आणि खिशात घातलं. आपल्या हद्दीत पडलेल्या शेवग्याच्या शेंगाही तो अशाच उचलतो. आठवडाभरात शटलचा डबा तळाला गेला. शेजारचा सावळेराम येता-जाता हटकायचा, "काय भाऊ, आज कोन जिकलं?"

मग एका सकाळी बघतो तर पलीकडेही फक्कीच्या रेघा! आणि सोमाजी पायजमा दुमडून, हातात नवीकोरी रॅकेट घेऊन उभा. त्यालाही साखर निघाली होती. वडिलांच्या इस्टेटीतली ही एकच गोष्ट न भांडता सारखी वाटली गेली.

खेळ सुरू झाला. पण पॉइंट मोजायचे तर बोलावं लागतं. म्हणून वैजयंतीला बांबूपाशी उभं केलं.

"त्याला सांग, भाईर पडलं."

"भावजी, भाईर पडलं म्हनत्यात."

"वैनी, त्यास्नी म्हनावं डोळं तपासा."

"अहो, डोळं..."

"ऐकलं मी!"

असं रोज. तिकडं तव्यावर भाकरी करपायची. एक दिवस वैजयंतीनं पदर खोचला. "उद्यापासून मी येनार न्हाई. बोलायचं तर खेळा, न्हाईतर टाका काढून ते बांबू!"

भिमाजीला रात्रभर झोप नाही. खेळाची आता चटक लागली होती. आणि बोलावं, तर इतक्या वर्षांचं मौन पाण्यात.

सकाळी दोघं मुकाट खेळले. पॉइंट आपापल्या मनात मोजले. बरोबरी झाली, आणि सोमाजीचं शटल लांब जाऊन भिमाजीच्या मागच्या रेघेवर पडलं. पडलं ते रेघेवरच. सोमाजीला तिकडून दिसणं शक्य नव्हतं. तो वैनीच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. दारात कुणी आलं नाही.

भिमाजीनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तो रेघेपाशी वाकला, उठला, परत वाकला.

"आत व्हतं," तो म्हणाला. "पॉइंट तुझा."

सोमाजी म्हणाला, "दादा, आधी तू बोललास."

"मग?"

"म्हंजी दगड सरकला व्हता!"

"आरं, मी शटलचं बोलतोय!"

"आधी तू बोललास, आधी तू! सावळेराम, ऐकलं का रं?"

सावळेरामनं ऐकलं होतं, अख्ख्या आळीनंच ऐकलं होतं. भिमाजीचा चेहरा लालबुंद झाला. शटल उचलून त्यानं जाळीपलीकडे भिरकावलं.

"सर्व्हिस कर आधी," तो ओरडला, "मग भांड!"

सोमाजीनं केली.