केसरबाईची गैरहजेरी

जनार्दन रिसबूड जयपूरच्या एका कारखान्यात पगार विभागात होते, आणि संध्याकाळी घरी आले तरी ते पगार विभागातच असत. बाजारातून आणलेल्या दुधीकडेसुद्धा ते आधी 'कायम की हंगामी' अशा नजरेने बघतात, असं त्यांच्या बायकोचं, शकुंतलाबाईंचं म्हणणं होतं. शकुंतलाबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. नोकरी अजून तात्पुरती होती. बाळंतपणाची रजा संपत आली, तेव्हा प्राचार्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "मॅडम, आता आणखी रजा झाली, तर कायम करणं माझ्या हातात राहणार नाही."

म्हणून केसरबाई आली. झालान्याच्या डोंगराखालच्या वस्तीतून ती जवाहर नगरात चालत यायची. पहिल्याच दिवशी तिने मुलीला खांद्यावर टाकलं आणि पोर रडायची थांबली. दुसऱ्या कुणालाही नेमणूक तिथेच झाली असं वाटलं असतं. जनार्दनरावांनी मात्र तिला समोर बसवून सेवाशर्ती सांगितल्या. पगारातून थोडा फंड कापला जाईल, मालक म्हणून तेवढीच भर ते स्वतः घालतील, आणि सगळं पोस्टात तिच्या नावावर जमा होईल. दिवाळीला बोनस. भरपगारी रजा मात्र सहा महिने भरल्यावरच.

"अहो, घरच्या बाईसाठी असा कायदा आहे का?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"नाही. म्हणून तर आपण पाळायचा."

"मला मूल सांभाळायला बाई हवी होती. तुम्ही कारखाना काढलात."

"शकू, पगार म्हणजे पानात वाढलेलं मीठ. माणूस ठेवायचा तर बाकीचं पानही वाढावं लागतं."

शेजारच्या माथुरबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. भाईसाहब असे नियम काढत राहिले, तर कॉलनीतल्या सगळ्या बायका बिघडतील, असं त्यांचं मत पडलं. जनार्दनरावांना ती शाबासकीच वाटली.

होळी झाली आणि मागोमाग शीतला अष्टमी आली. त्या दिवशी इकडे घराघरांत चूल थंड असते, आदल्या रात्रीचं शिळं खातात आणि बायका टेकडीवरच्या शीतलामातेच्या जत्रेला जातात. "साब, कल नहीं आऊँगी," केसरबाईने आदल्या दिवशी सांगितलं. जनार्दनरावांनी मान हलवली.

पगाराच्या दिवशी त्यांनी कारखान्यातल्या सवयीने सगळं मोठ्यांदा वाचून दाखवलं. फंड इतका, मालकाची भर इतकी. "और एक दिन गैरहाजिर. उसका कटा." केसरबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पैसे घेतले, झोपलेल्या मुलीचं पांघरूण सारखं केलं आणि गेली. मग ती आलीच नाही.

सोमवारी शकुंतलाबाईंच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती. "तुमच्या फंडाने घात केला," त्या शनिवारी म्हणाल्या. "आता परवा तुम्ही घ्या मुलीला, आणि तेरवापासून मी कायमची घरीच."

रविवारी जनार्दनरावांनी स्कूटर काढली. वस्तीत केसरबाई दारात बाजरी निवडत बसली होती. तिने त्यांना खाट दिली, पाणी दिलं. साहेबांनी पाणीसुद्धा न पिता जाहीर केलं, "फंड नहीं कटेगा."

"कटने दो, साब. वो पैसा मेरे घरवाले को दिखता नहीं. इसीलिए बचेगा."

जनार्दनराव गडबडले. "तो फिर?"

केसरबाई सुपातले खडे वेचत राहिली. "आपने मुझे गैरहाजिर बोला."

"आप आई नहीं थीं ना उस दिन."

"माता के गई थी. छोरी के लिए." मग तिने सांगितलं. मुलांना गोवर-कांजिण्या होऊ नयेत, म्हणून त्यांच्या आया मातेची टेकडी चढतात. तिची स्वतःची मुलं तर केव्हाच मोठी झाली. रिसबुडांच्या घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांच्या मुलीच्या वाट्याची टेकडी ती अनवाणी चढली होती.

जनार्दनरावांचा हात आपोआप खिशात गेला. कापलेले पैसे त्यांनी पुढे केले. केसरबाईने हात मागे घेतला.

"ना साब. मजूरी लेकर माता के नहीं जाते. फल नहीं लगता."

पगार विभागातल्या माणसाने पैसे परत खिशात घातले. बाई त्या दिवशी कामावर होती, हे तर उघडच होतं. पण कामाचा पगार घेत नव्हती. मालकाने पान वाढायचं असतं, एवढंच त्यांना माहीत होतं. इथे मालकाच्याच पानात कुणीतरी वाढून गेलं होतं, आणि त्याने ते खरकटं म्हणून बाजूला सारलं होतं.

"गलती हो गई, केसरबाई," ते म्हणाले. कारखान्यात हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं.

"कल आ जाऊँगी," ती म्हणाली. "पर अगले साल आप भी चलना. छोरी का बाप घर बैठा रहे, अच्छा लगता है?"

सोमवारी सकाळी केसरबाई आली. शकुंतलाबाई चपला शोधत असताना जनार्दनरावांनी पुढल्या वर्षीचा बेत सांगितला. जत्रेच्या दिवशी आपण बिनपगारी रजा घेणार.

"अहो, तुमची इतकी रजा साठलीय, मग बिनपगारी कशाला?"

"भरपगारी गेलं तर फळ लागत नाही म्हणे," जनार्दनराव म्हणाले आणि रिक्षा बघायला खाली उतरले.