जुन्या शटरवरची पाटी

मंडळी, आज दुपारी माझी चांगलीच जिरली. नेट लागलंय तोवर लिहून टाकतो.

राजारामपुरीत माझं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस आहे. कांबळेकाका माझे गिऱ्हाईक. कागल एमआयडीसीत ते पंपाचे सुटे भाग बनवतात. त्यांच्या साइटवर दर पानाचा पत्ता म्हणजे प्रश्नचिन्हं आणि आकड्यांची भलीमोठी शेपटी. मला ते बघवेना. काल सर्व्हरवर नियम लिहिले आणि सगळे पत्ते छोटे, वाचता येतील असे केले. स्वतःवरच खूश होतो.

आज काका हातात मालाचं एक खोकं घेऊनच आले.

"काय केलंसा हो? बेळगावचं गिऱ्हाईक फोन करून विचारतंय, कारखाना बंद पडला काय म्हणून!"

खोक्यावर तो जुना, शेपटीवाला पत्ता छापलेला. तो टाइप केला की 'पान सापडत नाही' एवढंच येत होतं.

मी म्हटलं, "काका, नवा पत्ता किती सुटसुटीत आहे बघा. खोकी नवीन छापून घ्या."

काका शांतपणे म्हणाले, "आमी दुकान हलवलं तर जुन्या शटरवर पाटी लावतो की. तुमच्यात न्हाय व्हय ती पद्धत?"

आहे की! जुना पत्ता आला की नव्या पानावर पाठवायचं, एवढा एक नियम. पाच वर्षं हेच काम करतोय आणि तोच लिहायचा राहिला. चहा यायच्या आत लिहिला.

काकांनी खोक्यावरचा पत्ता स्वतः टाइप करून बघितला आणि माझ्याच फोनवरून बेळगाव लावलं. "चालू हाय कारखाना."

खरं सांगा, साइटचे पत्ते बदलल्यावर तुमच्यापैकी किती जणांनी अशी पाटी लावलीय?