सासूबाईंनी पास केलेली सीडी

कामशेतच्या बाजारात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आणि माऊलीचा सीडीचा गाळा यांच्यामध्ये एकच पत्र्याची भिंत आहे. त्यामुळे माऊलीचं आयुष्य मी बघितलं कमी आणि ऐकलं जास्त. इतकी वर्षं त्या पत्र्यातून मावळातली लग्नं ऐकून ऐकून, मंगलाष्टकं म्हणणारा कोणत्या गावचा आहे ते मला आवाजावरून सांगता येतं. हे काही कौतुकाने सांगत नाही. डोकं उठायचं माझं.

माऊली म्हणजे उंच, खांद्यात वाकलेला, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेला आणि बोलायला लागला की समोरच्याला नकोसं करणारा माणूस. लग्नाचं शूटिंग करायचा आणि त्याची सीडी बनवून द्यायचा. खरं तर ती डीव्हीडी असायची, पण आमच्याकडे गोल आणि चकाकतं ते सगळं सीडीच. तेव्हा घरोघरी प्लेअर होते, नाना बनावटीचे, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर झकास दिसलेलं लग्न घरच्या प्लेअरात घातलं की तो जरा वेळ घरघरायचा आणि सीडी होती तशी बाहेर ढकलायचा. मग मुलाचे वडील गाळ्यावर हजर. "आमच्या पोराचं लगीन दिसंना! वरात कुटं गेली?"

माऊलीने यावर उपाय काढला तो असा. भंगारवाल्याकडे जाऊन त्याने अख्ख्या मावळातला सगळ्यात खडूस प्लेअर शोधून आणला. दहातल्या आठ सीड्या नाकारणारा. दुसऱ्या कोणी तो फेकून दिला असता, माऊलीने त्याला पुसून टेबलावर मांडला आणि नाव ठेवलं सासूबाई. प्रत्येक सीडी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी सासूबाईंच्या पुढ्यात जायची.

"हिनं पदरात घेतली, का मंग ती कुनाच्याबी घरात नांदंल," तो म्हणायचा.

सासूबाईंना काय खपत नाही ते शिकता शिकता माऊली तयार झाला. घाईत राइट केलेली सीडी त्यांना चालायची नाही, म्हणून तो सगळ्यात कमी वेग लावायचा आणि तोवर माझ्याकडे येऊन चहा मागायचा. कॉम्प्युटरवरची फाईल नुसती उचलून टाकलेली चालायची नाही, प्लेअरला समजेल अशा साच्यात ती बसवावी लागायची. आणि सगळं भरून झालं की सीडी बंद करावी लागायची, म्हणजे आता यात आणखी काही यायचं नाही असं तिला पक्कं सांगून टाकायचं. बाकीचे दुकानदार हेच विसरायचे. "ब्लाऊज शिवला आन हूक न्हाई लावले, तसं ते," असं माऊली गिऱ्हाइकांना समजावून द्यायचा. हूक माझे, तोरा याचा.

लोकही काही कमी नव्हते. नवलाख उंबरे गावच्या एका हौशी बापाने सीडीवर नवरानवरीचा फोटो डिंकाने चिकटवला. आत गेल्यावर फोटो सुटला, सीडी अडकली, प्लेअरचं दार उघडेना. तिसऱ्या दिवशी माऊलीने स्क्रू ड्रायव्हर लावून दोघांची सुटका केली. एकत्र कुटुंबात एवढा एकांत त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार होता, असं मी म्हटलं, तर माऊली दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. धंद्याची चेष्टा त्याला चालायची नाही.

अशा या माऊलीला घाम फोडला तो सावित्राबाईने.

सावित्राबाई लोहगडवाडीची. गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालते. तिच्या लेकीच्या, कोमलच्या लग्नाची सीडी माऊलीने केली होती. लग्नानंतर आठ महिन्यांनी सावित्राबाईचा नवरा, गेणूभाऊ, चार दिवसांच्या तापात गेले. त्यांचा घरात फोटो नव्हता. एक होता तो मतदान कार्डावरचा, आणि त्यात ते त्यांना स्वतःलाही ओळखू आले नसते. पण जन्मात कधी न नाचलेले गेणूभाऊ लेकीच्या वरातीत बॅन्डपुढे नाचले होते. हातात रुमाल, डोळे मिटलेले आणि डावा पाय कायम ठेक्याच्या मागे. तेवढे ते सीडीत राहिले होते.

आणि नेमकी तीच सीडी घरी चालेना.

सावित्राबाई सीडी घेऊन आली, सासूबाईंनी ती विनातक्रार चालवली. ती घरी गेली, परत आली. "न्हाई चालत, भाऊ." असं तीनदा झालं. वाडीत बायका म्हणायला लागल्या, गेणूला नाचल्याची लाज वाटतीया म्हणून तो दिसत न्हाई. माऊलीची झोप उडाली. शेवटी तो म्हणाला, मी घरी येऊन बघतो. मीही मोटारसायकलवर मागे बसले. मदत वगैरे काही नाही, मला मजा बघायची होती.

घरी सावित्राबाईने सीडी पदराने लख्ख पुसली. मग ती देवापुढे ठेवली, चकाकती बाजू वर. तिला हळद लावली, कुंकू लावलं, चार अक्षता टाकल्या, डोकं टेकवलं आणि तशीच उचलून प्लेअरात घालायला निघाली.

"मावशी! ह्ये काय?" माऊली ओरडलाच.

"काय म्हंजी? माझा मानूस हाय त्यात. तसाच ढकलू व्हय पेटीत?"

दुकानात येताना मात्र ती पुसून आणायची. लोकाच्या दारात मळकी वस्तू कशी न्यायची!

माऊलीने तिला समजावलं की प्लेअर चकाकती बाजू वाचतो, कुंकू लावायचंच तर नावाच्या बाजूला लावा. तिने तसं केलं. सीडी आत गरगरली, आणि उघडून बघतो तर प्लेअर आतून देवळाच्या उंबऱ्यासारखा लाल. माऊली कान कोरायच्या कापसाच्या काडीने अर्धा तास कुंकू काढत होता, आणि मी पदर तोंडात धरून हसत होते.

"मंग कुंकू लावूच नगं का?" सावित्राबाई म्हणाली. "बाकीच्या बाया फोटूला लावत्यात. म्या कशावर लावू?"

माझं हसू तिथेच थांबलं. लाज वाटली मला.

माऊली म्हणाला, "मावशी, दोन करून देतो. एक बघायची, एक पूजेची. पूजेची कापडावर ठेवा, चकाकती बाजू खाली. वरून काय लावायचं ते लावा."

परत येताना भाजे गावचा घाट उतरताना मी त्याच्या कानाशी म्हटलं, "पूजेची कोरीच दे की. कोण बघायला बसलंय?" दुसऱ्या दिवशी पत्र्यातून गेणूभाऊंच्या वरातीचा बॅन्ड ऐकू आला. संपला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. दोन्ही सीड्या सासूबाईंनी अख्ख्या बघितल्या. मग माऊली चहाला आला आणि म्हणाला, "तिनं हात जोडायचं आन आत काय न्हाई? अस्तर वरून दिसत न्हाई म्हनून तू काय बी लावतीस का?"

मी त्या वेळी एका नव्या ब्लाऊजला दुसऱ्या कोणाचं तरी उरलेलं अस्तर जोडत होते. तो पदराखाली सारला आणि त्याला चहा ओतला.

पुढे पेन ड्राइव्ह आले, मोबाईल आले, प्लेअर माळ्यावर गेले. माऊलीच्या गाळ्यात आता झेरॉक्स मशीन आहे. सासूबाई तेवढ्या त्याच्या खाली बसून आहेत. जुनी लग्नं ज्या हार्ड डिस्कमध्ये होती ती कधीच बिघडून बसली.

यंदा पितृपक्षात सावित्राबाई आली. गेणूभाऊंच्या म्हाळाला, म्हणजे श्राद्धाला, नैवेद्य दाखवला की घरात त्यांचा नाच लावतात, दर वर्षी. बघायच्या सीडीवर काढून-घालून चरे पडले होते. "बॅन्ड वाजतो, मानूस फुटतो आन मंग समदं काळं. उंद्या म्हाळ हाय." माऊलीने ती घासली, पुसली, पुन्हा पुन्हा लावली. मग स्टुलावर खाली मान घालून बसला.

"पूजेची आणा," मी म्हटलं.

"ती कशी चालंल? ती तर पूजेची!" सावित्राबाई म्हणाली. पण सकाळी पहिल्या जीपने घेऊन आली. वर कुंकवाचा पापुद्रा धरला होता. माऊलीने आधी सीडीला हात जोडले, मग कोमट पाण्यात धुतली, मधून कडेकडे सरळ पुसली आणि सासूबाईंच्या पुढे धरली. सासूबाई घरघरल्या. थांबल्या. पुन्हा घरघरल्या. आम्हा तिघांचा जीव टांगणीला. आणि बॅन्ड वाजला.

गेणूभाऊ आले, रुमाल घेऊन, डोळे मिटून. सावित्राबाई शेवटपर्यंत उभी राहूनच बघत होती. मग डोळे पुसत म्हणाली, "बगा की, आजून डावा पाय मागंच."

माऊलीने लगेच नव्या सीड्या करायला घेतल्या. मी माझ्या दुकानात आले. पत्र्यातून बॅन्ड ऐकू येत होता. एकदा संपला, पुन्हा पहिल्यापासून लागला. मी मशीनवरचा ब्लाऊज उलटा केला आणि त्याला लावलेलं दुसऱ्याचं उरलेलं अस्तर उसवायला घेतलं.