ठोकेवाली सिस्टर

प्रसूतीच्या वॉर्डात सगळे तिला ठोकेवाली सिस्टर म्हणत. बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र ती आधी तळहातात उबवायची, मग पोटावर टेकवायची आणि आवाज मोठा करून म्हणायची, "छान आहेत हो." आईचा जीव भांड्यात पडायचा. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी वॉर्डातल्या मावश्या थट्टा करत आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग कायदा बदलला. पोटात ठोके असेपर्यंत गर्भपात करणारा डॉक्टर तुरुंगात जाणार. आईच्या जिवाला धोका असेल तर चालेल, असंही त्यात होतं. पण धोका नेमका कधी सुरू झाला, हे म्हणायला कुणी धजत नव्हतं.

त्याच सुमारास एक शिक्षिका आली. पाचव्याच महिन्यात गर्भाभोवतीचं पाणी गेलेलं, बाळ वाचणार नव्हतं आणि अंगात ताप चढत होता. सिस्टरनं यंत्र टेकवलं आणि सवयीनं बोलून गेली, "छान आहेत हो." दारात आलेले डॉक्टर तिथूनच मागे फिरले. "थांबले की कळवा," म्हणाले. थांबले, तोवर विष रक्तात भिनलं होतं. शिक्षिकेच्या चपला तिच्या नवऱ्यानं पिशवीत घालून नेल्या.

तेव्हापासून सिस्टरला घरीही ठोके ऐकू येऊ लागले. भांडी घासताना, केस विंचरताना.

"थोडे दिवस रजा घे," नवरा म्हणाला.

"कानांना कुठली आलीय रजा?"

पुढे एक शिंपीण आली. तेच पाणी, तोच ताप. सिस्टरनं यंत्र उबवलं, आवाज पार बारीक केला आणि कान जवळ नेला. ठोके होते.

"आहेत का?" डॉक्टरांनी दारातून विचारलं.

"नाहीत."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. स्वतः तपासायला मात्र पुढे आले नाहीत. "तयारी करा," एवढंच म्हणाले.

शिंपीण वाचली. घरी जाताना तिनं सिस्टरचा हात धरला. "तुम्हीच होतात ना जवळ? ठोके थांबले तेव्हा त्याला त्रास झाला का हो?"

"नाही गं. झोपेतच गेलं."

शिंपीण पोटभर रडली आणि हलकी होऊन गेली. सिस्टरला मात्र हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती. आता तिला दोन्ही बाळांचे ठोके ऐकू येतात. शिक्षिकेच्या बाळाचे निदान थांबतात तरी. शिंपिणीच्या बाळाचे थांबत नाहीत.